लाल टी कोणाची? टी अंतरावरून निवडू द्या

प्रेषक: स्पर्धा समिती
विषय: गोल्फ स्पर्धेचा नोंदणी अर्ज, टीची ओळ बदलणे

मंडळी, नमस्कार.

अर्जावर 'पुरुष पांढऱ्या टीवरून, महिला लाल टीवरून' अशी ओळ वर्षानुवर्षं छापून येते (टी म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा; पांढरी मागे, लाल पुढे). ही ओळ काढावी आणि ज्याने त्याने आपल्या फटक्याच्या अंतराप्रमाणे टी निवडावी, असा प्रस्ताव आहे. मंजूर झाला तर अर्जात दोन नवे प्रश्न येतील: ड्रायव्हरचा (टीवरून सर्वांत लांब मारायच्या काठीचा) सरासरी फटका किती यार्ड आणि ५-आयर्न ही मधल्या अंतराची काठी (किंवा तिच्या जागी वापरता तो हायब्रिड) किती यार्ड.

सरासरी म्हणजे खरोखर सरासरी. वारा पाठीशी असताना, सुकलेल्या फेअरवेवर (होलच्या मधल्या कापलेल्या गवतपट्ट्यावर), उतारावर एकदाच गेलेला चेंडू म्हणजे सरासरी नव्हे. दहा ड्राइव्ह (ड्रायव्हरचे फटके) जीपीएसवर मोजा, त्यात टॉप झालेले (चेंडूच्या वरच्या भागाला लागून थोडेच गेलेले) आणि झाडीत गेलेलेही धरा, मग भागाकार करा. आकडा बहुतेकांच्या समजुतीपेक्षा कमी निघतो.

निवडीसाठी २०११ साली अमेरिकेतल्या यूएसजीए आणि पीजीए या गोल्फ संस्थांनी काढलेला 'टी इट फॉरवर्ड'चा तक्ता पुरेसा आहे. ड्राइव्ह २७५ यार्ड असेल तर १८ होलचा कोर्स ६,७०० ते ६,९०० यार्ड, २५० ला ६,२०० ते ६,४००, २२५ ला ५,८०० ते ६,०००, २०० ला ५,२०० ते ५,४००, १७५ ला ४,४०० ते ४,६०० आणि १५० ला ३,५०० ते ३,७००. पडताळा हवा असेल तर ५-आयर्नचं अंतर गुणिले ३६ करा. १६० यार्ड जात असेल तर ५,७६० येतात. दोन्ही आकडे जवळपास जुळले तर टी ठरली. फार फरक पडला तर ड्राइव्ह फुगवून सांगितला आहे असं समजायला हरकत नाही.

हरकती याच धाग्यावर कळवाव्यात.

---

प्रेषक: एक ज्येष्ठ सदस्य
विषय: उत्तर: नोंदणी अर्ज

समितीस सप्रेम नमस्कार.

हेतू चांगला आहे, पण यात पळवाट दिसते. १८ हँडिकॅपचा (हँडिकॅप म्हणजे कौशल्याप्रमाणे मिळणारी फटक्यांची सवलत; आकडा मोठा तर खेळाडू कच्चा) धडधाकट माणूस लाल टीवर जाऊन उभा राहिला तर बक्षीस त्याच्याच घरी जाणार. टी द्यायचीच असेल तर हँडिकॅपवरून द्या: २० पर्यंत पांढरी, त्यापुढे लाल. सरळ हिशेब, वाद नाही.

---

प्रेषक: हँडिकॅपचं काम पाहणारा
विषय: उत्तर: उत्तर: नोंदणी अर्ज

काका, तुमची दुसरी सूचना आधी घेतो, कारण तिथेच गल्लत होते. हँडिकॅपवरून अंतर कळत नाही. १९० यार्डच मारणारा पण पटिंग आणि चिपिंगमध्ये (खळग्याजवळच्या छोट्या फटक्यांत) पक्का असलेला खेळाडू ९ हँडिकॅपचा असू शकतो. २६० यार्ड मारून दर तिसरा चेंडू हरवणारा २४ चा असतो. तुमच्या नियमाने पहिला पांढऱ्या टीवर रखडेल. दुसरा लाल टीवरून ड्रायव्हर काढेल आणि मागून खेळताना आवाक्याबाहेर असलेल्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) किंवा वळणापलीकडच्या झाडीत नेमका चेंडू टाकेल. टी लांबीसाठी असते. कौशल्याचा फरक भरून काढायला हँडिकॅप आहेच.

आता पळवाट. जागतिक हँडिकॅप पद्धत २०२० पासून लागू आहे आणि तिचं सूत्र असं:

कोर्स हँडिकॅप = हँडिकॅप इंडेक्स × (स्लोप ÷ ११३) + (कोर्स रेटिंग − पार)

इंडेक्स म्हणजे खेळाडूचा मूळ हँडिकॅप. रेटिंग म्हणजे त्या टीवरून स्क्रॅच (तरबेज) खेळाडूला लागतील असे धरलेले फटके, स्लोप म्हणजे कच्च्या खेळाडूला ती टी तुलनेने किती अवघड, आणि पार म्हणजे होलचे किंवा कोर्सचे ठरलेले फटके. समजा कोर्सचा पार ७२ आहे. पुरुषांसाठी पांढरी टी ६,४०० यार्ड, रेटिंग ७१.५, स्लोप १२७. मधली ५,९०० यार्ड, ६९.२ आणि १२२. लाल ५,२०० यार्ड, ६६.० आणि ११६. (आकडे उदाहरणापुरते. खरे कोर्सच्या स्कोअरकार्डावर असतात.) इंडेक्स १८.४ असलेल्या पुरुषाला पांढऱ्या टीवर २० फटके मिळतात, मधल्या टीवर १७, लाल टीवर १३. लाल टीवर जाताच सात फटके कापले गेले. वैयक्तिक स्ट्रोक प्लेला (एकूण फटके मोजायच्या स्पर्धेला) ९५ टक्के सवलत धरली तर हेच आकडे १९, १६ आणि १२ होतात. म्हणजे पुढे येणाऱ्याला कोर्स आखूड मिळतो आणि त्याची किंमत तो फटक्यांत आगाऊ मोजतो. तरीही कोणी जिंकला तर त्या दिवशी चांगला खेळला म्हणून जिंकला.

खरा गोंधळ पुढे आहे आणि तो बक्षीस वाटपाच्या वेळी उफाळतो. मधल्या टीवर एक पुरुष आणि एक महिला, दोघांचा इंडेक्स १८.४. महिलांसाठी त्याच टीचं रेटिंग समजा ७४.२ आणि स्लोप १३०. तिला २३ फटके, त्याला १७. "एकाच टीवरून खेळतोय, मग सहा फटके जास्त का?" हा प्रश्न येणारच.

उत्तर रेटिंगच्या पायात आहे. पुरुषांचं रेटिंग करताना धरलेला स्क्रॅच खेळाडू ड्राइव्ह २५० यार्ड मारतो आणि ४७० यार्डांचा होल दोन फटक्यांत गाठतो. महिलांच्या रेटिंगमधली स्क्रॅच खेळाडू २१० यार्ड मारते आणि दोन फटक्यांत ४०० गाठते. बोगी (मध्यम कौशल्याच्या) खेळाडूंचे आकडे पुरुषांत २०० आणि ३७०, महिलांत १५० आणि २८०. इंडेक्स मोजायची पट्टीच दोघांची वेगळी, म्हणून १८.४ आणि १८.४ हे सारखे नव्हेत. टी कोणीही निवडो, रेटिंगची ओळ आपापलीच घ्यायची. म्हणून अर्जातून टीची सक्ती काढा, पण स्त्री/पुरुष हा रकाना ठेवा. नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये चुकीची ओळ निवडली जाईल आणि वरच्या उदाहरणातल्या महिलेला १७ फटके देऊन आपण मोकळे होऊ.

---

प्रेषक: एक सदस्या
विषय: लाल टी 'सोपी' आहे का?

दोन मुद्दे.

लाल टी म्हणजे आरामाची, हा समज तक्ता नीट वाचला की टिकत नाही. ५,२०० यार्ड हे २०० यार्ड मारणाऱ्याचं अंतर आहे. १५० मारणाऱ्या बाईला ते लांबच पडतं. प्रमाण काढा: १५० ला ५,२००, तर २५० मारणाऱ्याला साधारण ८,७०० यार्ड. कोणता पुरुष तेवढ्या कोर्सवर नाव नोंदवेल? तेव्हा निवड दोन्ही बाजूंना खुली हवी. लाल टीच्याही पुढे, ३,६०० ते ४,००० यार्डांचा चौथा संच लागेल. कोर्सवर तसा नसेल तर परवानगी घेऊन पार ४ आणि पार ५ वर फेअरवेच्या सुरुवातीला मार्कर (टीच्या खुणा) ठेवता येतात. ठेवताना जागा सपाट बघा आणि मार्करसमोर लगेच खड्डा किंवा पाणी येणार नाही याची काळजी घ्या. पार ३ वर लाल टीच बहुधा चालते.

दुसरा मुद्दा पारचा. ४३० यार्डांचा होल पुरुषांना पार ४ असतो, पण महिलांसाठी पार ४ ची शिफारस ४२० पर्यंतच आहे, म्हणून तिथे पार ५ छापलेला सापडतो. मग मधल्या टीवर महिलांचा पार ७३. हे हिशेबात धरलं आहे का?

---

प्रेषक: हँडिकॅपचं काम पाहणारा
विषय: उत्तर: लाल टी 'सोपी' आहे का?

ताई, बरं झालं विचारलंत. पार ७३ धरला की सूत्रातल्या शेवटच्या कंसामुळे २३ चे २२ होतात. स्टेबलफर्डमध्ये (प्रत्येक होलला पारच्या तुलनेत गुण द्यायची पद्धत) ते तसंच ठेवायचं, कारण गुण प्रत्येकाच्या स्वतःच्या पारशी तोलले जातात. निव्वळ फटक्यांची स्पर्धा असेल तर मात्र पार ७३ वरून खेळणाऱ्याला पारमधल्या फरकाचा एक फटका परत द्यावा लागतो. तो विसरला जातो, आणि मग निकाल एका फटक्याने उलटा लागतो. मिश्र टी असतील तर स्टेबलफर्डच ठेवा असं माझं मत आहे. डोकेदुखी निम्म्याने कमी होते.

फेअरवेवरच्या चौथ्या संचाला रेटिंग नसेल. तिथला स्कोअर इंडेक्ससाठी धरला जाईलच असं नाही, हे त्या खेळाडूंना आधी सांगा. आपल्या दिवसापुरता अंदाज असा काढा: महिलांसाठी दर १८० यार्डांना एक फटका, पुरुषांसाठी दर २२० यार्डांना एक. लाल टीपेक्षा ९०० यार्ड आखूड असेल तर महिलांचं रेटिंग पाचने कमी धरायचं. लाल टीला पुरुषांचं रेटिंगच नाही, असंही काही कोर्सवर दिसतं. तिथेही हीच पट्टी चालेल, पण आधी प्रो शॉपला (कोर्सवरच्या दुकानात) विचारा. बऱ्याचदा रेटिंग झालेलं असतं, फक्त कार्डावर छापलेलं नसतं.

---

प्रेषक: स्पर्धा समिती
विषय: त्या दिवशीची व्यवस्था

हरकतींवर चर्चा झाली. प्रस्ताव स्वीकारला आहे, स्वरूप स्टेबलफर्ड.

टी नोंदणीच्या वेळी ठरेल, कार्डावर आम्ही लिहून देऊ आणि फेरीत बदलता येणार नाही. एकाच गटात तीन टी असतील तर हमखास घोटाळा होतो: गप्पांच्या नादात माणूस शेजाऱ्याच्या टीवरून मारून मोकळा होतो. स्ट्रोक प्लेच्या नियमात हे आपल्या टीच्या जागेबाहेरून खेळणं धरलं जातं, दोन फटक्यांचा दंड बसतो आणि चेंडू आपल्या टीवरून पुन्हा खेळावा लागतो. पुढच्या होलवर टी-ऑफ करायच्या आधी चूक दुरुस्त केली नाही तर खेळाडू बाद. स्टेबलफर्डही स्ट्रोक प्लेच आहे, फक्त तिथे बाद होण्याऐवजी त्या होलचे गुण शून्य.

मागच्या टीवाल्यांनी आधी मारायचं. पुढच्या टीवाल्यांनी तोवर त्यांच्या मागे किंवा बाजूला थांबायचं, गाडी पुढे नेऊन ठेवायची नाही. वेळ वाचवायच्या नादात चेंडूच्या रेषेत कोणी उभं राहू नये.

टींची नावं आता फक्त रंगांनी घ्यायची. 'लेडीज टी', 'सीनियर टी' हे शब्द कार्डावर आणि फलकावर येणार नाहीत.

बक्षिसांत दोन बदल. सर्वांत लांब ड्राइव्ह प्रत्येक टीसाठी वेगळा, आणि तो आपापल्या मार्करपासून लेझरने मोजला जाईल. एकूण फटक्यांच्या बक्षिसात स्कोअरमधून आपल्या टीचं कोर्स रेटिंग वजा होईल. पांढऱ्या टीवर ८६ करणारा पुरुष १४.५ वर येतो, मधल्या टीवर ८८ करणारी महिला १३.८ वर. बक्षीस तिचं.

मार्कर मूळ खुणेपासून फार हलले तर रेटिंग निरर्थक होतं. सकाळी दोघेजण फिरून प्रत्येक होलवर खात्री करतील. एका होलवर दहा यार्डांच्या आत आणि सगळे मिळून शंभरच्या आत फरक असावा. या फेरीसाठी दोन नावं हवी आहेत, पहाटे साडेपाचला यावं लागेल.