अमेरिकी शब्दकोड्यातले बॅलेचे शब्द: ज्ञान की भरताड?

खोडरबर: न्यूयॉर्क टाइम्सचं शब्दकोडं रोज सोडवणाऱ्यांनो, बॅलेशी काडीचा संबंध नसताना प्लिए, झते, टूटू (नर्तकीचा फुगीर झगा) आपल्याला तोंडपाठ का? ‘बॅलेतली हालचाल, चार अक्षरं’ दिसलं की हात आपोआप पी-एल-आय-ई लिहितो. नाही जमलं तर जे-ई-टी-ई. पहिल्यात गुडघे वाकतात, दुसऱ्यात उडी असते, हे माहीत नसलं तरी कोडं सुटतं. मग हे ज्ञान कसलं? रचणाऱ्याचा कोपरा अडला की बॅलेवाल्यांना हाक मारायची! कात्री लावा असल्या शब्दांना.

आडवेतिडवे: लावा आणि एक कोडं रचून दाखवा. अमेरिकी पद्धतीत प्रत्येक अक्षर आडव्या आणि उभ्या, दोन्ही शब्दांत बसावं लागतं. तीन अक्षरांहून लहान शब्द चालत नाही. ब्रिटिश जाळीत बऱ्याच अक्षरांना छेदच नसतो, तिथला रचणारा सुखी. इथे 15 बाय 15 च्या जाळीत लांब, गमतीचे शब्द आधी बसवले की उरलेल्या बेचक्यांत व्यंजन-स्वर-व्यंजन-स्वर असेच शब्द लागतात. झते आणि टूटू नेमके तसे. चौदाव्या लुईने 1661 मध्ये नृत्याची अकादमी काढली, बॅलेची परिभाषा फ्रेंच झाली, आणि फ्रेंचमध्ये ‘ई’ची रेलचेल. त्यावरची तिरकी रेघ कोड्यात गाळतात, म्हणजे आणखी सोय.

पेन्सिलवाली: माझी लेक बॅले शिकते. माझा राग शब्दांवर नाही, आळशी संकेतांवर आहे. प्लिए म्हणजे नुसतं गुडघे वाकवणं नव्हे हो! पाय कमरेच्या सांध्यापासून बाहेर वळलेले हवेत, अर्ध्या प्लिएत टाचा जमिनीवरच. वर्ग सुरू होतो बारला, म्हणजे आधाराच्या आडव्या दांड्याला, धरून केलेल्या प्लिएने. झतेची उडी प्लिएतून निघते आणि प्लिएतच उतरते. एवढं असताना ‘बॅलेतली हालचाल’ लिहून मोकळं व्हायचं?

खोडरबर: संकेत कितीही सुरेख लिहा, झतेला अनोळखी माणसाचं नाव छेदलं की दोन्ही गेले. अशा चौकोनाला तिकडे ‘नेटिक’ म्हणतात. 2008 च्या एका कोड्यात मॅसॅच्युसेट्समधलं ते गाव एन. सी. वायथ या चित्रकाराच्या आद्याक्षराला छेदत होतं, तेव्हापासून.

आडवेतिडवे: तो दोष छेदाचा, बॅलेचा नाही. झतेला रोजचे सोपे शब्द छेदले तर कोण अडतो?

निवांत: आणि कोड्यात येणाऱ्या आपल्या ‘राणी’ या शब्दाचं काय? साडी, राग, नान, आग्रा आले की आपण खुशीत. ओहायोतले आजोबा तेव्हा हेच रडगाणं गात असणार.

खोडरबर: त्या राणीच्या इंग्रजी स्पेलिंगला शेवटी दोन ‘ई’ लावतात, तसली राणी मी कोड्याबाहेर पाहिलेली नाही. तीही काढा.

पेन्सिलवाली: काढाकाढीत रेलेव्हे तेवढं सोडा. टाचा उचलून वर येणं, सहा अक्षरं, त्यात तीन ‘ई’. ते रचणारे सोडणार नाहीतच म्हणा.