रायझन ५ ३६०० आताच बदलावा की थांबावे? मर्यादा १२,००० रुपये

कृष्णाकाठ:
नमस्कार. २०२० च्या टाळेबंदीत जोडलेला माझा संगणक अजून नेकीने चालतो आहे. त्यात एएमडी कंपनीचा रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड (नावात 'मॅक्स' असलेला), ८ जीबीच्या दोन पट्ट्या मिळून १६ जीबी डीडीआर४ रॅम, ५५० वॉटचा पॉवर सप्लाय आणि १०८०पी, १४४ हर्ट्झचा मॉनिटर असा सरंजाम आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे खाणकाम बंद झाले आणि ग्राफिक्स कार्डांचे भाव जमिनीवर आले, तेव्हा १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० घेतले.

अडचण अशी आहे की काउंटर-स्ट्राइक २ या गोळीबाराच्या खेळात सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, म्हणजे फ्रेमची संख्या) बरा दिसतो, परंतु धूर पसरला आणि चार-पाच जण एकदम समोर आले की चित्र अडखळते. शहर वसवण्याच्या खेळात लोकसंख्या वाढली की खेळातले घड्याळच मंदावते. कराडच्या दुकानदाराने याच बोर्डावर बसणाऱ्या रायझन ५ ५६०० चा भाव करासह ११,००० रुपये सांगितला आहे. तो आता घ्यावा, की वर्षभर थांबून थेट एएम५ या एएमडीच्या नव्या सॉकेटवर (त्याला मदरबोर्ड आणि रॅमही नवी लागते) जावे? मर्यादा १२,००० रुपयांची आहे आणि ती खरोखरची आहे, कारण त्यापुढच्या रकमेसाठी घरात प्रस्ताव मांडावा लागतो.

पेठकर:
जुन्या घराला रंग काढण्यापेक्षा नवे घर बांधावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मी गेल्या वर्षी रायझन ७ ७८००एक्स३डी, बी६५० मदरबोर्ड आणि ३२ जीबी डीडीआर५ असा संच घेतला आणि तेव्हापासून एफपीएसचा आकडा पाहण्याचेही सोडून दिले आहे. एएम५ ला किमान २०२७ पर्यंत साथ देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे, म्हणजे पुढचा प्रोसेसर याच बोर्डावर बसेल. आपले एएम४ हे २०१६ चे सॉकेट आहे. त्यात आता एक रुपयाही घालू नये.

कृष्णाकाठ:
सल्ल्याबद्दल आभार, परंतु आपण सांगितलेला नुसता प्रोसेसरच माझ्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक आहे.

वारणाकाठचा वाघ:
मी दोन वर्षांपूर्वी ३६०० काढून ५६०० बसवला आणि मला एक दिवसही पश्चात्ताप झालेला नाही. दोन्ही ६५ वॉटचे असल्यामुळे जुनाच कूलर चालतो, आणि तसाही ५६०० च्या खोक्यात कूलर येतोच. डोळे मिटून घ्या.

जर्सीकर:
माझ्याकडे ५६००एक्स३डी आहे. तो २०२३ च्या जुलैत फक्त अमेरिकेत आणि फक्त मायक्रो सेंटरच्या दुकानांतून विकला गेला. मी एडिसनहून पॅटरसनच्या दुकानात जाऊन २२९ डॉलरला घेतला होता. शहर वसवण्याच्या खेळांत त्याच्या ९६ एमबी कॅशचा (प्रोसेसरमधल्या जलद स्मृतीचा) जो फरक पडतो, तो ज्याने पाहिला नाही त्याला समजावून सांगता येत नाही. आपणही तोच घ्यावा.

वारणाकाठचा वाघ:
जो प्रोसेसर अमेरिकेतल्या एकाच साखळीत मिळत होता, तो कराडच्या माणसाने घ्यावा म्हणजे नेमके काय करावे?

जर्सीकर:
मी माहिती दिली. उन्हाळ्यात येताना एखादा सापडला तर आणू शकेन, एवढेच.

मनीमाऊ:
काहीही विकत घेण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी, अशी विनंती आहे. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स या टॅबखाली मेमरीवर टिचकी मारल्यावर वेग किती दिसतो? पट्टीवर ३२०० छापलेले असले तरी बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ प्रणालीत) एक्सएमपी, म्हणजे रॅम छापील वेगाने चालवण्याची सोय, चालू केल्याशिवाय ती बहुधा २१३३ किंवा २६६६ वरच धावते. माझ्या भावाचा संगणक चार वर्षे तसाच चालला होता आणि तो चार वर्षे ग्राफिक्स कार्डाला दोष देत होता.

संत्रानगरी:
उष्णतेचा विचार कोणीच केलेला दिसत नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा खोक्यातल्या कूलरची काय अवस्था होते, हे कृष्णेच्या काठावर बसून कळणार नाही. माझा प्रोसेसर ९५ अंशांना टेकून स्वतःचा वेग कमी करत असे आणि मी मात्र खेळाच्या निर्मात्यांना शिव्या घालत असे. १,८०० रुपयांचा मनोरा कूलर लावल्यावर अडखळणे थांबले. त्यामुळे आधी कूलर घ्यावा, पंखे पुसावेत, प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला औष्णिक लेप नव्याने लावावा आणि मगच प्रोसेसरचा विचार करावा.

निवृत्त अभियंता:
प्रश्नकर्त्याने दोन लक्षणे एकत्र सांगितली आहेत आणि प्रत्येकाने आपापल्या घरातील औषध पुढे केले आहे, म्हणून थोडे मुळापासून लिहितो.

३६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश आहे खरी, परंतु ती १६-१६ एमबीच्या दोन भागांत विभागलेली असून प्रत्येक भाग तीन कोअरच्या (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणनाकेंद्रांच्या) वाट्याला येतो. एका बाजूच्या कोअरला दुसऱ्या बाजूची माहिती हवी असेल तर लांबचा फेरा पडतो. ५६०० मध्ये तेवढीच कॅश सहाही कोअरना सामाईक आहे. हा बदल झेन ३ या पिढीत झाला आणि त्या पिढीत प्रत्येक घड्याळ-ठोक्यामागे सुमारे १९ टक्के अधिक काम होते, असा एएमडीचा दावा होता. एक्स३डी नावाच्या प्रोसेसरांत याच कॅशवर आणखी ६४ एमबीचा थर चढवलेला असतो. म्हणून ज्या खेळात हजारो नागरिक, गाड्या आणि कारखाने यांचा हिशेब क्षणोक्षणी करावा लागतो, तिथे त्यांचा उपयोग अधिक होतो.

आता निदानाविषयी. खेळ चालू असताना ग्राफिक्स कार्डाचा वापर किती टक्के आहे ते पाहा. तो ९५ च्या पुढे असेल तर प्रोसेसर बदलून काही साधणार नाही. तो ६० च्या आसपास घुटमळत असेल तर रेझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. तरीही एफपीएस वाढला नाही तर अडथळा प्रोसेसरकडे किंवा रॅमकडे आहे, असे समजावे. सरासरीकडे पाहू नका, सर्वांत वाईट एक टक्का फ्रेमचा आकडा पाहा, कारण अडखळणे त्यात दिसते. संकेतस्थळांवर दोन भागांची नावे टाकली की 'अमुक टक्के बॉटलनेक' असे उत्तर देणारी जी गणकयंत्रे असतात, त्यांच्यावर विसंबू नये. कोणता खेळ आणि कोणते रेझोल्यूशन हे सांगितल्याशिवाय त्या टक्केवारीला काही अर्थ नसतो.

पेठकर:
अभियंतासाहेबांनी पीसीआयईचा, म्हणजे ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डाला जोडणाऱ्या मार्गाचा, मुद्दा सोडून दिला. बी४५० वर पीसीआयई ३.० आहे, त्यामुळे ३०६० कार्ड तिथे गुदमरत असणार. नव्या बोर्डाशिवाय मार्ग नाही, हेच मी पहिल्यापासून सांगतो आहे.

निवृत्त अभियंता:
गुदमरत नाही. ४०६० हे ८ मार्गिकांचे कार्ड आहे, त्याला ३.० वर थोडा तोटा होतो. ३०६० ला पूर्ण १६ मार्गिका आहेत आणि ३.० वर तेवढ्या त्याला पुरून उरतात.

पेठकर:
थोडा का होईना, तोटा होतो हे आपण मान्य केलेत.

निवृत्त अभियंता:
४०६० ला. ते प्रश्नकर्त्याकडे नाही.

सुट्टे पैसे:
नवे कशाला, वापरलेला ५८००एक्स३डी शोधावा. मी स्वतः एक घेतला होता. विक्रेत्याने वरून काढलेली सुंदर छायाचित्रे पाठवली. खोके उघडल्यावर खालच्या बाजूला कोपऱ्यातल्या दोन पिना गायब होत्या. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, त्यामुळे खालच्या बाजूचे स्वच्छ छायाचित्र मागितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पैसे परत मिळाले नाहीत. तरीही वापरलेला घ्यावा असेच मी म्हणेन, फक्त माझ्यासारखा घेऊ नये.

गुडघ्याला बाशिंग:
पिनांचा विषय निघालाच आहे तर माझी कथा ऐका. कूलर सरळ वर ओढला, तेव्हा वाळलेल्या लेपाला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून हातात आला आणि पिनांची एक रांग वाकली. त्या मी एटीएम कार्डाच्या कडेने रात्री दोनपर्यंत सरळ करत बसलो होतो. संगणक चालू झाला, पण माझा रक्तदाब त्यानंतर पूर्ववत झाला नाही. कूलर काढण्यापूर्वी दहा मिनिटे खेळ चालवून लेप गरम करावा, संगणक बंद करून प्लग काढावा, मग कूलर डावी-उजवीकडे हलके पिळून सैल करावा आणि शेवटी उचलावा.

शनिवारवाडा:
या सगळ्या खर्चात प्लेस्टेशन येईल.

वारणाकाठचा वाघ:
११,००० रुपयांत कोणते प्लेस्टेशन येते, ते कृपया आम्हालाही कळवावे.

अर्धवटराव:
सर्व प्रतिसाद वाचलेले नाहीत. माझ्या मते ५६०० घ्यावा. रॅमचा वेगही एकदा तपासून पाहावा, कोणी सांगितले नसेल तर.

मनीमाऊ:
कोणी तरी सांगितले होते.

पेठकर:
थांबल्यास सगळे स्वस्त होते, हा नियम विसरू नका. वर्षभर थांबून एएम५ चा संच घ्या.

निवृत्त अभियंता:
तो नियम सध्या उलटा झाला आहे. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी आपली क्षमता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरांकडे वळवल्यामुळे २०२५ च्या दिवाळीपासून रॅमचे भाव भडकले आहेत. मायक्रॉनने तर त्या वर्षीच्या डिसेंबरात ग्राहकांसाठीचा क्रूशल हा ब्रँडच गुंडाळण्याची घोषणा केली. एएम५ ला डीडीआर५ शिवाय पर्याय नाही, म्हणून या घडीला एएम५ वर जाणे म्हणजे प्रोसेसरच्या निमित्ताने रॅमच्या तेजीत उडी घेणे होय. ज्यांच्याकडे १६ जीबी डीडीआर४ आहे त्यांनी ती जपून वापरावी, कारण तीही आता पूर्वीच्या भावात मिळत नाही.

आणखी एक. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ३६०० वर विंडोज ११ अधिकृतपणे चालते, त्यासाठी प्रोसेसर बदलण्याची गरज नाही. बायोसमध्ये एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय) चालू करावे लागते. परंतु जुन्या बायोसवर ते चालू केल्यास अधूनमधून चित्र अडखळते, असे एएमडीने मार्च २०२२ मध्ये स्वतःच मान्य करून त्यावर उपाय दिला होता. म्हणून आधी बायोस अद्ययावत करावे, मग एफटीपीएमला हात लावावा.

कृष्णाकाठ:
रविवारी सकाळपासून हेच करत बसलो होतो, त्याचा वृत्तान्त देतो. बायोस २०२० चे होते आणि एफटीपीएम बंद होते. मेमरीचा वेग २१३३ निघाला. त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे दोन्ही पट्ट्या प्रोसेसरकडून मोजल्यास पहिल्या आणि दुसऱ्या खाचेत होत्या, त्यामुळे माझ्या बोर्डावर रॅम आणि प्रोसेसर यांच्यातल्या दोन्ही वाहिन्या वापरल्याच जात नव्हत्या. संगणक मी स्वतः जोडला होता, त्यामुळे दोष देण्यासाठी घरात दुसरे कोणी नाही.

बायोस अद्ययावत केले, पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या, एक्सएमपी चालू करून वेग ३२०० वर नेला आणि पंख्यातली धूळही काढली. काउंटर-स्ट्राइक २ मधला सर्वांत वाईट एक टक्क्याचा आकडा ५० च्या आसपास होता, तो ८० च्या वर गेला. धुरात अजूनही किंचित जाणवते, पण आता मरतो तो माझ्या चुकीने. शहराचे घड्याळ थोडे सुधारले, फार नाही.

निवृत्त अभियंता:
अभिनंदन. मात्र चार बदल एकाच दिवशी केल्यामुळे कोणत्या बदलाने किती फरक पडला, हे आता कधीच कळणार नाही. या पिढीत प्रोसेसरच्या अंतर्गत भागांना जोडणारे जाळे रॅमच्या घड्याळाशी बांधलेले असते, त्यामुळे मोठा वाटा रॅमचा असावा.

संत्रानगरी:
धूळ काढल्याचा उल्लेख शेवटी केला असला तरी फरक त्यानेच पडला असणार.

वारणाकाठचा वाघ:
आता ५६०० घेतलात तर उरलेलेही अडखळणे जाईल. बायोस तयारच आहे. वाट कशाची पाहता?

कृष्णाकाठ:
निर्णय झाला आहे आणि तो आपणांपैकी कोणालाही आवडणार नाही. मी १४४०पीचा २७ इंची मॉनिटर घेतला, १८,५०० रुपयांना.

कारण सांगतो. मी आणि पत्नी दोघेही आठवड्यातले तीन दिवस याच संगणकावर आळीपाळीने कार्यालयाचे काम करतो आणि जुन्या पडद्यावर तक्त्यांचे स्तंभ मावत नाहीत, ही तिची तक्रार दोन वर्षांची होती. प्रोसेसरचा ११,००० चा खर्च मलाच भागवायचा होता. मॉनिटरचा १८,५०० चा प्रस्ताव मात्र चहा संपण्याच्या आत मंजूर झाला. १४४०पीवर बहुतेक खेळांत ग्राफिक्स कार्डाचा वापर ९७ टक्क्यांवर गेला आहे, म्हणजे अभियंतासाहेबांच्या कसोटीप्रमाणे प्रोसेसर आता अडथळा राहिलेला नाही.

निवृत्त अभियंता:
अडथळा दूर झालेला नाही, आपण तो कार्डाकडे सरकवला आहे. एफपीएस पूर्वीपेक्षा कमी झाला असेल.

कृष्णाकाठ:
झाला आहे. चित्र मात्र फार सुंदर दिसते.

पेठकर:
१८,५०० खर्च करायचे होते तर १२,००० ची मर्यादा कशाला लिहिली होती? त्यात आणखी भर घालून एएम५ झाले असते.

मनीमाऊ:
पट्ट्यांच्या खाचांचा मुद्दा माझ्याही ध्यानात आला नव्हता. भावाच्या संगणकात आज संध्याकाळी पाहते.

बदलापूरची लोकल:
माझ्याकडेही बी४५० आणि ३६०० आहे, परंतु बोर्डाच्या नावात 'मॅक्स' नाही. मला ५६०० बसवता येईल का?

निवृत्त अभियंता:
बहुधा येईल, पण बोर्डाच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावर आपल्या नेमक्या मॉडेलची प्रोसेसर-यादी पाहून खात्री करावी. तशा काही जुन्या बोर्डांवर बायोसची चिप १६ एमबीचीच असते, त्यामुळे नव्या प्रोसेसरांना जागा करून देण्यासाठी काही अगदी जुन्या प्रोसेसरांचा आधार काढून टाकलेला असतो. ३६०० बोर्डावर असतानाच बायोस अद्ययावत करावे, आणि ते चालू असताना वीज जाणार नाही याची काळजी घ्यावी. बदलापुरात इन्व्हर्टर असेल तर तो आधी तपासून पाहा.