रायझन ५ ३६०० आणि बी४५० बोर्डावर कोणतं ग्राफिक्स कार्ड घ्यावं?

अर्धवट_पिक्सेल

नमस्कार मंडळी. सध्याचा सरंजाम असा आहे:

रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर४ रॅमची एकच पट्टी (पाकिटावर वेग ३२०० आहे, टास्क मॅनेजर २४०० दाखवतो), जीटीएक्स १६५० ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबी एनव्हीएमई डिस्क, कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॅटचा पॉवर सप्लाय. पॉवर सप्लायच्या लेबलवर +१२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर लिहिलंय. मॉनिटर १०८०पी, ७५ हर्ट्झ. पुढच्या वर्षी १४४०पी घ्यायचा विचार आहे. ६०० व्हीएचा यूपीएस आहे.

वॅलोरंट गेममध्ये सेकंदाला १३०-१४० फ्रेम येतात, पण मधेच अडखळतं. सायबरपंक १०८०पी लो सेटिंगवर ३५-४०. दुकानदार म्हणतो आरटीएक्स ५०६० ८ जीबी टाका, बाकी कशाला हात लावू नका. एक मित्र म्हणतो बोर्ड जुना आहे, सगळंच नवीन घ्या. दोघांपैकी कुणाचं ऐकू?

---

टांकसाळ

दोघांचंही नको. आणि कार्ड सगळ्यात शेवटी.

आधी पॉवर सप्लाय, कारण त्यात धोका आहे. १८ अँपिअर गुणिले १२ व्होल्ट म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच चालतात, म्हणजे डब्यावर ४५० छापलेलं असलं तरी तुमच्या कामाचे २१६ च. ३६०० पूर्ण भारात ८८ वॅटपर्यंत जातो. आरटीएक्स ५०६० चे १४५ धरा, बोर्ड, रॅम, डिस्क आणि पंख्यांचे ४०-५०. बेरीज २८० च्या आसपास जाते. आजवर निभावलं कारण १६५० फक्त ७५ वॅट खातं आणि तेवढे स्लॉटमधूनच मिळतात.

यावर "कन्व्हर्टर लावून देतो" असं उत्तर दुकानात हमखास मिळतं. ८ पिनी कनेक्टरमधून कार्ड १५० वॅट ओढू शकतं. साटाच्या पॉवर कनेक्टरची मर्यादा ५४ वॅट आहे. साटा-टू-८ पिन कन्व्हर्टर लावला की आधी त्याचं प्लास्टिक वितळतं, मग पुढचं पुढे. असा कन्व्हर्टर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

५५० किंवा ६५० वॅटचा, १२ व्होल्टवर किमान ४४ अँपिअर देणारा आणि स्वतःची ८ पिनी वायर असलेला पॉवर सप्लाय घ्या. नुसत्या ८० प्लस ब्रॉन्झच्या शिक्क्यावर जाऊ नका. तो शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. आतले कपॅसिटर कसे आहेत आणि जास्त भार आल्यावर सप्लाय स्वतःला बंद करतो का, हे त्याच्यावरून कळत नाही. वॉरंटी ५ वर्षं किंवा जास्त असेल तर निर्मात्याला स्वतःच्या मालाची थोडी तरी खात्री आहे असं समजायला हरकत नाही.

यूपीएसही मोजा. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. नव्या कार्डासह भिंतीतून ३३०-३५० ओढले जातील, वर मॉनिटर. गेम चालू असताना लाइट गेली की यूपीएस शिट्टी मारून तिथेच मान टाकेल. १००० व्हीएच्या खाली जाऊ नका.

---

एकपट्टी_विरोधी_संघ

पॉवर सप्लायबद्दल सहमत. आता अडखळण्याचं बघू. तो दोष कार्डाचा नसावा, रॅमचा आहे.

एक पट्टी २४०० वर चालली की प्रोसेसरला सेकंदाला १९.२ जीबी डेटा मिळतो. दोन पट्ट्या ३२०० वर चालल्या की ५१.२ जीबी. अडीच पटीहून जास्त फरक, आणि रायझनला तो लगेच जाणवतो. शिवाय ८ जीबीत विंडोज, ब्राउझर, डिस्कॉर्ड आणि गेम मावत नाहीत. उरलेलं डिस्कवर ढकललं जातं आणि तो धक्का तुम्हाला पडद्यावर दिसतो.

आज, खर्च न करता: बायॉसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी चालू करा. रॅम पाकिटावरच्या वेगाने चालवणारी ही सेटिंग आहे (बोर्डानुसार तिला डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी म्हणतात). टास्क मॅनेजरमध्ये ३२०० दिसलं पाहिजे.

मग तशीच दुसरी ८ जीबी पट्टी घ्या. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा वापरा. शेजारीशेजारी लावल्या तर बहुतेक बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनलवर (डेटाच्या एकाच वाटेवर) बसतात आणि पैसे पाण्यात. नवी पट्टी वेगळ्या चिपची निघाली आणि ३२०० वर संगणक सुरूच होत नसेल, तर २९३३ वर आणा. फरक नगण्य आहे. अर्धा तास मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालवा, एकही चूक आली तर तो वेग सोडा.

कार्ड कमी पडतंय की प्रोसेसर, हे अंदाजाने ठरवू नका. आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये जीपीयूचा (कार्डावरच्या चिपचा) वापर पडद्यावर लावा, व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा काढा. जीपीयू ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड कमी पडतंय. ६०-७० वर रेंगाळत असेल तर प्रोसेसर किंवा रॅम. खात्रीसाठी रिझोल्यूशन ७२०पी करा. फ्रेम वाढल्या नाहीत तर नवं कार्ड घेऊनही वाढणार नाहीत. "सीपीयू तर ३० टक्केच वापरतोय" हा युक्तिवाद इथे चालत नाही. ३६०० ला १२ थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारी कामं) आहेत. गेमचा मुख्य थ्रेड एकच थ्रेड पूर्ण भरून बसला तरी टास्क मॅनेजरमध्ये तो ८ टक्क्यांएवढाच दिसतो.

तुमच्या बाबतीत वॅलोरंटमध्ये प्रोसेसर-रॅम आणि सायबरपंकमध्ये कार्ड, असाच निकाल लागेल.

---

लेनमास्तर

आता कार्ड. दुकानदाराने सुचवलेलं ५०६० वाईट नाही, पण *या* बोर्डावर मी घेणार नाही.

बी४५० वरचा कार्डाचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस ३.० आहे. ५०६० त्यातल्या फक्त ८ लेन (डेटाच्या मार्गिका) वापरतं, म्हणजे तुमच्याकडे सेकंदाला जेमतेम ८ जीबीचा रस्ता. कार्डाची स्वतःची मेमरी ४४८ जीबीच्या वेगाने धावते. सगळं ८ जीबीत मावतंय तोवर काही कळणार नाही. १४४०पी, भारी टेक्श्चर (पृष्ठभागांची चित्रं) आणि रे ट्रेसिंग (प्रकाशाचं खरंखुरं गणित) एकत्र आले की मावत नाही. मग उरलेला डेटा साध्या रॅममधून त्या अरुंद गल्लीने आणावा लागतो. सरासरी फ्रेम बऱ्या दिसतात आणि खेळताना गचके बसतात. काही गेम गचके न देता गुपचूप टेक्श्चर धूसर करतात, ते आणखी वाईट, कारण आकड्यांत दिसतच नाही.

याच कारणाने आरएक्स ६५०० एक्सटीकडे बघूसुद्धा नका. ४ जीबी मेमरी आणि फक्त ४ लेन.

तुमच्यासाठी आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी. पूर्ण १६ लेन वापरतं, म्हणून ३.० वरही रस्ता १६ जीबीचा मिळतो, आणि १६ जीबी मेमरीमुळे त्या रस्त्यावर जायची वेळच कमी येते. वीज १६० वॅटच्या आसपास, बहुतेक मॉडेलना एकच ८ पिन पुरते. सावध राहा: याच नावाने ८ जीबीचंही कार्ड विकलं जातं. खोक्यावर आणि बिलावर १६ जीबी लिहिलेलं बघूनच पैसे द्या.

इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबी कुणीतरी सुचवेलच. चांगलं कार्ड आहे, पण ३६०० सारख्या जुन्या प्रोसेसरसोबत त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर बराच भार टाकतो. नव्या संगणकात घ्या, यात नको.

जुन्या बाजारात स्वस्त "आरएक्स ५८०" दिसतील. त्यातल्या २०४८एसपी लिहिलेल्यांत २०४८ च स्ट्रीम प्रोसेसर (चिपमधले छोटे गणन-भाग) असतात. खऱ्या ५८० मध्ये २३०४. लॅमिंग्टन रोडवर असो की ऑनलाइन, जुनं कार्ड घेताना समोर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम) उघडून आकडा वाचा, १५ मिनिटं भार द्या, आणि सीरियल नंबर घातलेलं पक्कं बिल असेल तरच वॉरंटीची आशा धरा.

---

अर्धवट_पिक्सेल

मनापासून आभार. २१६ वॅटचं गणित वाचून आधी पीसी बंद केला :) दोन शंका. प्रोसेसर बदलावा का? आणि अधूनमधून ब्लेंडर (थ्रीडी सॉफ्टवेअर) वापरतो, त्याला एएमडी चालेल?

---

टांकसाळ

ब्लेंडर चालेल. पण सायकल्समध्ये (ब्लेंडरच्या रेंडर इंजिनमध्ये) रेंडरिंग हेच मुख्य काम असेल तर एनव्हीडियाचं ऑप्टिक्स हे तंत्र अजून पुढे आहे, तेव्हा १६ जीबीचं ५०६० टीआय बघा. लेन त्यातही ८ च. अधूनमधून असेल तर विचार सोडून द्या.

प्रोसेसर आत्ता नको. रॅम आणि कार्ड बदलून महिनाभर खेळा. वॅलोरंटमध्ये तरीही कमी वाटलं तर रायझन ५ ५६००. ३६०० मध्ये कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६-१६ एमबीच्या दोन तुकड्यांत आहे आणि प्रत्येक तुकडा तीनच कोअरना मिळतो. ५६०० मध्ये सहाही कोअरना मिळून ३२ एमबी. बोर्ड तोच राहतो. ५५०० मात्र घेऊ नका, नाव जवळचं असलं तरी कॅश १६ एमबीच. बायॉस जुना प्रोसेसर बसलेला असतानाच अद्ययावत करा, यूपीएसवर. मधेच वीज गेली तर बोर्ड दुरुस्तीला.

---

लेनमास्तर

कार्ड बसवण्याआधीची एक अडचण राहिली. नव्या कार्डांना यूईएफआय (बायॉसची नवी पद्धत) लागतं. बायॉसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) चालू असेल तर पडदा काळाच राहू शकतो. पण ते थेट बंद करू नका. डिस्क मॅनेजमेंटमध्ये विंडोजच्या डिस्कचे प्रॉपर्टीज उघडून तिची मांडणी जुनी एमबीआर आहे की नवी जीपीटी ते बघा. एमबीआर असताना सीएसएम बंद केलं तर विंडोज सुरू होणार नाही. बॅकअप घ्या, विंडोजमधल्याच एमबीआरटूजीपीटी या आदेशाने डिस्क बदला (तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर तो नकार देतो), मग सीएसएम बंद, मग रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू. हे सगळं जुनं कार्ड आत असतानाच.

एनव्हीडियाचे ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर पुसणाऱ्या प्रोग्रामने) काढा, संगणक बंद करून कार्ड बदला. कार्ड मावेल का हे बघायला कॅबिनेटमध्ये मागच्या पत्र्यापासून पुढच्या पंख्यापर्यंत अंतर टेपने मोजा. कॅबिनेटच्या कंपनीने दिलेला आकडा पंख्याशिवायचा असेल तर त्यातून २५ मिलिमीटर वजा करा.

आणि मॉनिटरची केबल कार्डाला लावा. ३६०० मध्ये ग्राफिक्स नाही, त्यामुळे बोर्डावरच्या एचडीएमआयला लावली तर काहीच दिसणार नाही आणि "कार्ड खराब निघालं" म्हणून दुकानाची एक फेरी होईल. १४४०पी मॉनिटर आला की डिस्प्लेपोर्ट वापरा आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट हाताने बदला, बऱ्याचदा तो ६० वरच बसलेला असतो.