लाँग रनला (लांब पल्ल्याच्या धावण्याला) पाणी कसं न्यावं?
धावताना पाण्याची बाटली हातात धरावी की कमरेला बाटली अडकवायचा पट्टा बांधावा, असा प्रश्न आहे. १०-१२ किमीपर्यंत अर्ध्या लिटरची बाटली हातात चालते. फक्त हात बदलत राहा, नाहीतर खांदा आखडतो. पट्टा उतारावर उड्या मारतो, म्हणून मी सोडला. साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटात सरावाला व्हेस्टच (पाणी ठेवायला खिसे असलेलं, अंगाला घट्ट बसणारं जाकीट) घालतो. पुढच्या खिशांत दोन मऊ बाटल्या; पाणी संपेल तशा त्या आक्रसतात, त्यामुळे पाणी डचमळत नाही. पाठीवरची, नळीने पाणी प्यायची पिशवी घेतलीत तर भरल्यावर उलटी धरून नळीने आतली हवा ओढून काढा, म्हणजे तिच्यातलंही पाणी डचमळत नाही. माझ्या एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत लिंबू-मीठ-साखर. आणि कळकळीनं सांगतो, तहान नसताना नुसतं पाणी पीत सुटू नका. रक्तातलं सोडियम उतरलं तर जिवावर बेतू शकतं.