कुठल्या साइटवर पडीक होतात? (गेम, जादू, ड्रॅगन आणि इतर येडेपणा)

माळ्यावरचा_खोका:

दिवाळीची साफसफाई चालू आहे. माळ्यावरून एक खोका काढला, त्यात १०० पानी वही निघाली. लेबलवर 'भूगोल, ९ वी ब'. आत भूगोल दीड पान, पुढे सगळे व्हाइस सिटी गेमचे चीट कोड, म्हणजे टाइप केले की गेममध्ये फुकट मदत देणारे शब्द. निळ्या बॉलपेनने, समासात उपयोग लिहिलेला: पँझर = रणगाडा. सीवेज = गाडी पाण्यावर चालते. लिव्हमीअलोन = पोलीस जातात.

२००४ सालची गोष्ट. घरी कॉम्प्युटर होता, नेट नव्हतं. कराडला स्टँडजवळ जिन्याखाली एक कॅफे होतं, तासाला २० रुपये, प्रिंट ५ रुपये पान. प्रिंट परवडायची नाही म्हणून मित्र स्क्रीनवरून वाचणार, मी लिहिणार. मग आम्हाला गेमफॅक्स सापडली. १९९५ पासूनची साइट. चित्र नाही, रंग नाही, नुसता मजकूर. कुणीतरी अनोळखी माणसाने अख्खा गेम खेळून 'डावीकडच्या दारात जाऊ नका, मराल' असं पायरीपायरीने लिहून ठेवलेलं. नकाशेसुद्धा अधिकची चिन्हं आणि उभ्या-आडव्या रेघा टाइप करून काढलेले. नुसता मजकूर म्हणजे फाइल बारकी. १.४४ एमबीच्या फ्लॉपीत तीनचार गेमची गाइडं मावायची, घरी येऊन नोटपॅडमध्ये उघडायची. फ्लॉपी शर्टाच्या खिशात घालून सायकल मारताना आपण सोनं आणतोय असं वाटायचं.

एकदा ही वही आईच्या हाती लागली. त्यात व्हाइस सिटीचा 'अ‍ॅस्पिरिन' हा कोड. तब्येत भरून येते त्याने, गेममधल्या माणसाची. आई म्हणाली, "डोकं दुखतंय तर सांगायचं होतंस, चोरून गोळ्या कसल्या घेतोस?" आणि डोळे तपासायला घेऊन गेली. नंबर निघाला. तो चष्मा अजून आहे.

तर तुम्ही कुठे पडीक असायचात? लिहा.

भाकरी_आणि_बाइट:

चष्मा!!! हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

तळ्यातमळ्यात:

रुमाल टाकतेय. कुकर लावून येते.

गॉल_नंबर_एक:

ट्रॅव्हियन. नाव घेतलं तरी अजून झोप उडते.

२००८, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, हॉस्टेल. जर्मनांनी २००४ मध्ये काढलेला गेम, ब्राउझरमध्येच चालायचा, काही इन्स्टॉल करायला नको, म्हणून लॅबमध्ये पण चालायचा. रोमन, ट्यूटन नाहीतर गॉल व्हायचं. लाकूड, माती, लोखंड, धान्य काढायचं, आणि शेजाऱ्याने ते लुटू नये म्हणून देव पाण्यात ठेवायचे. गोम अशी की गेम थांबतच नाही. तुम्ही झोपलात तरी घड्याळ चालू. हल्ला निघाला की लाल तलवारी दिसायच्या आणि शेजारी उलटी मोजणी, सेकंदासकट.

आमच्या विंगमधले ९ जण एका अलायन्सला. रात्रीच्या पाळ्या लावलेल्या, गणपतीच्या मांडवात लावतात तशा. १ ते ३ मी. एका रात्री सव्वातीनला हल्ला पोचणार होता आणि ३ ते ५ वाला गाढ. सकाळी बघतो तर कोठार रिकामं, धान्य उणे. धान्य उणे गेलं की सैन्य उपाशी मरतं, एकेक करून. दात घासता घासता मी माझं सैन्य मरताना बघत होतो. त्या दिवशी एम-थ्रीचा, म्हणजे गणिताचा पेपर. नापास, केटी लागली.

लुटणारा कोण निघाला? वरच्या मजल्यावरचा. मेसमध्ये रोज माझ्या शेजारी बसायचा. "भाजी सरकव रे" म्हणायचा.

शेवटी कुणीतरी वर्ल्ड वंडर १०० लेव्हलपर्यंत बांधलं की तो सर्व्हर संपतो, सगळे परत शून्यावर. आम्ही तिथवर कधी पोचलोच नाही, आधी सबमिशन यायचं.

गदाधारी_भीम:

वरच्या मजल्यावरचा मीच असणार बहुतेक 😀 ट्यूटन होतो. गदावाले लई स्वस्त. ५०० पाठवले की काम.

भाजी सरकव रे.

गॉल_नंबर_एक:

@भीम कुठलं कॉलेज? नको, सांगू नकोस.

रात्रपाळी:

पाळ्यांवरून आठवलं. बीएसएनएलचा होम ५०० प्लॅन, रात्री २ ते ८ फुकट. मी २ चा गजर लावून गेमचे डेमो डाउनलोडला टाकायचो आणि झोपायचो. बाबा सगळ्या नातेवाइकांना सांगायचे, पोरगं पहाटे दोनला उठतं अभ्यासाला. मला एका लग्नात चारचौघांसमोर उभं करून त्याबद्दल विचारलंय.

भाकरी_आणि_बाइट:

आणि ७:५५ ला ९७ टक्क्यांवर लाइट जायची.

रात्रपाळी:

जखमेवर मीठ नको

चिऊची_आई:

फोनवरून लिहितेय, चुका पोटात घाला. माझं सगळं फ्लॅश गेम, ब्राउझरमध्येच चालणारे छोटे गेम. मिनिक्लिप साइट!! शाळेत कॉम्प्युटरचा तास म्हणजे तोच. नंतर न्यूग्राउंड्स, ती घरी उघडायची सोय नव्हती, काही गेम भलतेच. २०२० च्या ३१ डिसेंबरला अडोबीने फ्लॅश बंद केलं तेव्हा आपलं लहानपण कुणीतरी रद्दीत घातलं असं झालं. पण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फ्लॅशपॉइंट म्हणून लोकांनी एक प्रकल्प केलाय, लाखाच्या वर जुने गेम जपून ठेवलेत, फुकट आहे. मी लेकीला कौतुकाने आपला जुना लाडका गेम लावून दिला. तिने दोन मिनिटं खेळून विचारलं, "मम्मा, याचं पुढचं कुठंय?" अगं हेच आहे, एवढंच असतं.

तळ्यातमळ्यात:

आले. (शिट्ट्या तीनच झाल्या पण भागेल.)

मला गेम खेळता येत नाहीत, मी वाचणारी. अन् आता सांगायला हरकत नाही, पोरगी झोपलीय, मी लिहिणारी पण. फॅनफिक्शन डॉट नेट. दुसऱ्याच्या कादंबरीतली पात्रं घ्यायची अन् आपली गोष्ट लिहायची. १९९८ पासूनची साइट, मी गेले २००७ मध्ये. नागपूर, मे महिना, कूलर धडधडतोय, घरच्यांना वाटे मी टॅलीचा क्लास करतेय. मूळ लेखिकेने एक माणूस मारला होता, तो मी जिवंत केला. मला पटलंच नव्हतं त्याचं मरण. त्याला जिवंत करून परत संकटात घातलं, ३१ प्रकरणं.

ब्राझीलची एक मुलगी प्रत्येक प्रकरणाला अभिप्राय द्यायची. ३१ व्यानंतर तिने विचारलं पुढचं कधी. मी लिहिलं, घरी लग्न आहे, थोडी उसंत दे. लग्न माझंच होतं. सासरी नेट नव्हतं, नंतर नेट आलं तर वेळ नव्हता.

२०१९ मध्ये बातमी वाचली की एओ३ला, म्हणजे आर्काइव्ह ऑफ अवर ओनला, ह्यूगो पुरस्कार मिळाला. विज्ञानकथा-अद्भुतकथांतला मोठा मान आहे तो. अन् ती साइट सगळी आमच्यासारख्या हौशी लोकांची, जाहिराती नाहीत, स्वयंसेवक अन् देणग्यांवर चालते. मी स्वयंपाकघरात एकटीच हसत उभी होते. मग जुना पासवर्ड आठवून फॅनफिक्शनचं खातं उघडलं. तिचे तीन निरोप होते. शेवटचा, 'लग्न कसं झालं?'

माळ्यावरचा_खोका:

बाप रे. मग उत्तर दिलंत का?

तळ्यातमळ्यात:

दिलं ना. म्हटलं चांगलं झालं, जेवण बरं होतं.

भाकरी_आणि_बाइट:

आणि तो जिवंत केलेला माणूस? त्याचं पुढे काय?

तळ्यातमळ्यात:

३१ व्या प्रकरणात गुहेत अडकला होता. अजून तिथेच आहे बापा.

सांगलीकर_आजोबा:

नमस्कार. वय ७३. या धाग्यात माझं बसतं का माहीत नाही, पण नातवाने वाचून दाखवलं म्हणून लिहितो. मी लायचेसवर असतो. एका फ्रेंच प्रोग्रामरने २०१० मध्ये सुरू केलेली बुद्धिबळाची साइट. पैसे नाहीत, जाहिरात नाही. आमच्या सांगलीत बुद्धिबळ काही नवं नाही, नूतन मंडळाच्या स्पर्धा बघतच मोठे झालो. पण रात्री अडीचला झोप उडाली तर पटावर समोर बसायला कोण येणार? इथे येतं. एक मिनिटाच्या डावात मी वेळ संपून हरतो. पट जिंकलेला असतो. हे खरं तर हरणं नव्हे, असं माझं मत आहे.

तळ्यातमळ्यात:

आजोबा आमच्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बुद्धिबळातला महिलांचा विश्वचषक जिंकला, माहिताय ना!!

सांगलीकर_आजोबा:

हो तर. टायब्रेक थेट पाहिला. कोनेरू हंपीसमोर खेळणं सोपं नाही. औषध घ्यायचं राहिलं त्या दिवशी.

पेठेतला_ऑर्क:

आमचा अड्डा रोल२०, नेटवर एकत्र बसून असले खेळ खेळायची साइट. लॉकडाऊनपासून दर शनिवारी रात्री. पाच जण, तीन पुण्यात, एक डोंबिवली, एक डब्लिन. डंजन्स अँड ड्रॅगन्स. १९७४ चा खेळ, गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं, बाकी फासे, कागद आणि तोंडाची वाफ. २०२३ च्या जानेवारीत मूळ नियम सगळ्यांना वापरायला मोकळे केले, त्यामुळे पुस्तकाला पैसे घालायची पण गरज नाही.

मी डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा. परदेशी किल्ले मला जमेनात, कधी गेलोच नाही तर वर्णन काय करू. मग हरिश्चंद्रगड घेतला. नळीच्या वाटेने वर यायचं आणि कोकणकड्यावर ड्रॅगन. पार्टी, म्हणजे खेळणाऱ्यांची टोळी, तलवारी काढून उभी. डोंबिवलीकर म्हणाला, मी लढत नाही, मी त्याला सांगतो, "काका, जरा सरकून घ्या ना." लोकलमध्ये चौथी सीट मागतात तसं. मी म्हटलं टाक फासा. वीस बाजूंचा फासा. २० पडले.

नियम म्हणजे नियम. ड्रॅगन सरकला.

रात्रपाळी:

😂😂 चौथ्या सीटवर बसला का मग पूर्ण?

पेठेतला_ऑर्क:

अर्धाच. तंगडी बाहेर.

जुनाट:

ड्रॅगन वगैरे ठीक आहे, आमची अद्भुतरम्यता म्हणजे चांदोबा. इंटरनेट अर्काइव्हवर जुने अंक चाळत बसतो. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, ते विक्रम-वेताळाचं चित्र काढणारे शंकर २०२० मध्ये गेले, ९७ व्या वर्षी. कथा आता पानभर वाचवत नाहीत, चित्रांपाशी मात्र तासन्‌तास.

अवांतर: कुणाकडे चांगला नवीन लॅपटॉप सुचवण्याजोगा आहे का, ४० हजारांच्या आत?

गदाधारी_भीम:

वेगळा धागा काढा काका

दळण_स्टुटगार्ट:

जिओगेसर. स्वीडनच्या एकाने २०१३ मध्ये काढलेली. जगातल्या कुठल्यातरी रस्त्यावर नेऊन सोडतात, आजूबाजूला बघून नकाशावर टाचणी मारायची, एका डावाला जास्तीत जास्त ५००० गुण. ऑफिसात जेवणानंतर आम्ही चौघं खेळतो. भारत यायचाच नाही फारसा, कारण गेम चालतो गूगल स्ट्रीट व्ह्यूच्या रस्त्यांच्या फोटोंवर आणि ते आपल्याकडे रीतसर आलं २०२२ च्या जुलैत. पहिल्या १० शहरांत आपली चार: मुंबई, पुणे, नाशिक, नगर.

एकदा आला. धुरळा, केबलींचं जाळं, देवनागरी पाट्या. तिघं म्हणाले हिंदी, टाक दिल्लीला. नंबरप्लेट धूसर केलेल्या असतात, नाहीतर एमएच बघून काम झालं असतं. मी बाण दाबत पुढे गेलो. पत्र्याची शेड, निळ्या रंगात हाताने लिहिलेलं:

'येथे दळण दळून मिळेल. मसाले कुटून मिळतील.'

ळच ळ. त्यांना सांगितलं, हे अक्षर रोजच्या हिंदीत नसतं. एकजण ळ म्हणायला गेला, त्याला ठसका लागला. मग चारांतलं कुठलं? पुढे एका टेम्पोवर द्राक्षांचे रिकामे क्रेट रचलेले. नाशिक टाकलं. ४९०० च्या वर.

त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र त्या गिरणीपाशीच होतो. डबा सायकलला अडकवून आणायचो, पिठाची ऊब गुडघ्याला लागायची.

चिऊची_आई:

बाजरीचं जास्त गरम असतं.

दळण_स्टुटगार्ट:

हो!! आणि आधी कुणाचं ज्वारीचं होतं ते विचारून घ्यायचं, आई बजावायची.

तळ्यातमळ्यात:

तिकडे दळण कसं करता?

दळण_स्टुटगार्ट:

सासूबाईंनी टेबलावरची छोटी चक्की आणलीय. आवाज एवढा की खालची आजी वर येऊन विचारून गेली, भिंत पाडताय का.

लेट_लतीफ:

उशिरा आलो. एक्सकेसीडी. काड्यांच्या माणसांची चित्रं, २००५ पासून, सोम-बुध-शुक्र. चित्रावर माउस ठेवून थांबलं की आणखी एक विनोद दिसतो, हे मला तीन वर्षांनी कळलं. मग पहिल्यापासून परत वाचली सगळी. रजा टाकून.

भाकरी_आणि_बाइट:

थांबा. माउस ठेवला की काय दिसतं???

लेट_लतीफ:

🙏 भेटू आता थेट सोमवारी

कोयनाकाठ:

@खोका कराड स्टँड, जिन्याखाली, प्लायवूडची चार खोपटी, पडदा हिरवा? दादा मागून येऊन मान घालायचा, "काय चाललंय" करत?

माळ्यावरचा_खोका:

तेच!!! तुम्ही पण?

कोयनाकाठ:

मी तिसऱ्या खोपट्यात. त्याचा एफ५ निखळलेला होता. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. दादा तोच. केस गेले.

माळ्यावरचा_खोका:

आत्ता वही परत उघडली. शेवटच्या पानावर माझ्याच अक्षरात 'दादा ३५ बाकी'. खाली रेघ मारलेली नाही.

कोयनाकाठ:

त्याची वही पण असणार. तो सोडत नाही. जाताना एक कव्हर घ्या, त्यात वळवून घेईल.

तळ्यातमळ्यात:

भात जरा कच्चाच राहिला.