आईसाठी नर्सिंग केअर सेंटर बघतोय, नेमकं काय तपासायचं?

आईला पॅरालिसिस झालाय, पूर्ण अंथरुणावर आहे, आम्ही दोघंही नोकरीवाले म्हणून पुण्यात सेंटर शोधतोय. लॉबी सगळीकडे चकाचक, पण आत काळजी कशी घेतात ते कसं ओळखायचं?

रिप्लाय १: न सांगता जा, रात्री नाहीतर रविवारी, तेव्हा स्टाफ कमी असतो. झोपून असलेल्या पेशंटची कूस साधारण दर २ तासांनी बदलावी लागते नाहीतर माकडहाडावर, टाचांवर बेडसोअर (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा) होतात, कूस बदलल्याचा चार्ट मागा. रात्रभराच्या नोंदी एकाच दमात लिहिल्यासारख्या दिसल्या तर सरळ निघून या.

रिप्लाय २: दादा, जेवणाच्या वेळी जा. पॅरालिसिसमध्ये बऱ्याचदा गिळायला त्रास असतो, आडवं ठेवून भरवलं तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. माझ्या बाबांना सेंटरमधल्या मावशी (आया) उठवून बसवायच्या आणि एक घास गिळला की मगच दुसरा, ते बघूनच आम्ही हो म्हटलं.

रिप्लाय ३: रात्री ट्रेन्ड नर्स असते की नुसत्या मावशी ते लेखी घ्या, डायपरचा खर्च वेगळा का तेही. तक्रार असेल तर ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन आहे, १४५६७, टोल फ्री.