हेड गॅस्केट गेलंय म्हणतात, हेड उतरवायचं का?

धायरीकर:
नमस्कार मंडळी. 2011 ची पेट्रोल हॅचबॅक आहे. गेल्या रविवारी साताऱ्याला निघालो होतो, खंबाटकी चढताना टेम्परेचरचा काटा एकदम वर गेला, एसी बंद करून गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं तर कूलंटच्या बाटलीत बुडबुडे येत होते आणि रेडिएटरचा वरचा पाइप इतका फुगलेला की दाबून दबेना. खाली गळती कुठेच नाही तरी पाणी कमी होतंय, सकाळी पहिल्या स्टार्टला मिसिंग करते, पांढरा धूर सोडते, मग नीट चालते. गॅरेजवाला म्हणतो हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकणासारखं हेड यांच्या मधलं सील, गेलं, पण एवढं खोलण्यापेक्षा गळती बुजवणाऱ्या सीलंटची एक बाटली येते ती रेडिएटरमध्ये ओतून बघू, नाही जमलं तर सरळ दुसरं इंजिन टाकू. मधलं काही नाहीच का? आईला दवाखान्यात न्यायला हीच गाडी लागते, म्हणून जरा घाईत आहे.

जुना_फिटर:
दादा ती बाटली ओतू नका, कळकळीने सांगतोय. तो सीलंट भेगेत बसतो तसाच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हीटरच्या कॉइलमध्येही बसतो, मग दोन दुखणी होतात. आणि तोवर गाडी काढू नका, दवाखान्याला रिक्षा करा, प्रत्येक वेळी तापली की हेड अजून वाकतं.

तुमची लक्षणं गॅस्केटचीच वाटतात पण खोलायच्या आधी खात्री करून घ्या. ब्लॉक टेस्टर म्हणून एक नळी येते, त्यात निळं लिक्विड असतं, ती रेडिएटरच्या तोंडावर धरून इंजिन चालू ठेवायचं, सिलिंडरमधला जळका गॅस पाण्यात येत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. सोबत कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, बघायला सांगा, शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी दाखवत असतील तर गॅस्केट बहुतेक त्या दोघांच्या मधेच उडालंय. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली म्हणून लगेच घाबरू नका, पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या चांगल्या गाडीतही ती धरते. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ झालं असेल तर मात्र पाणी ऑइलमध्ये उतरलंय असं समजा.

भोसरी_मशीनशॉप:
हेड उतरवलं की ते मशीन शॉपला गेलंच पाहिजे, ही गोष्ट सोडू नका. ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकतं आणि ते डोळ्याला दिसत नाही. आम्ही सरळ पट्टी लांबीला, रुंदीला आणि दोन्ही तिरक्या बाजूंनी ठेवतो आणि खाली फीलर गेजचं, म्हणजे मोजलेल्या जाडीचं, पातळ पान घालून बघतो, दोन सिलिंडरच्या मधे जी अरुंद पट्टी असते ना तिथेच बऱ्याचदा पान आत सरकतं. बऱ्याच गाड्यांना वाकण्याची 0.05 मिमीच्या आसपासच सूट असते, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. त्याच्या पुढे गेलं की फेसिंग मारायचं, म्हणजे हेड मशीनवर घासून सपाट करायचं, पण त्यालाही मर्यादा आहे, किती घासलं ते विचारून घ्या. फेसिंगच्या आधी प्रेशर टेस्ट करा, हेडलाच क्रॅक असेल तर नवीन गॅस्केट काय करणार? ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागावरही पट्टी ठेवायला सांगा. आणि जुनं गॅस्केट काढायला कुणी ग्राइंडरला घासायची चकती लावत असेल तर तिथेच थांबवा, तो कचरा ऑइलमधून बेअरिंगपर्यंत जातो.

धायरीकर:
खूप आभार दोघांचे. आजच दुसऱ्या गॅरेजला टेस्ट करून घेतली, लिक्विड पिवळं झालं, दोन आणि तीन नंबरचं कॉम्प्रेशन कमी आहे. म्हणजे हेड उतरवायचंच. हा मेकॅनिक बरा वाटतोय पण म्हणतो हेडचे बोल्ट जुनेच चालतील. चालतील का? सामान नाना पेठेतून मीच आणणार आहे.

जुना_फिटर:
मॅन्युअलमध्ये आधी टॉर्क (किती जोराने आवळायचं तो आकडा) आणि मग अमुक डिग्री फिरवा असं लिहिलं असेल तर ते बोल्ट ताणले जाणारे असतात, एकदा ताणलेला बोल्ट परत तेवढी पकड देईलच असं नाही. गॅस्केटसोबत नवीन बोल्टचा सेटही आणा, त्यात कंजुषी नको. बोल्टची भोकं आतून कोरडी करायला सांगा, तळाशी ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना त्याला जायला जागा नसते आणि ब्लॉक फुटू शकतो. आवळताना मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क रेंचनेच, अंदाजाने नाही.

पण मुळात गाडी कशामुळे तापली हे शोधल्याशिवाय इंजिन परत जोडू देऊ नका. फॅन वेळेवर लागतो का, थर्मोस्टॅट उघडतो का, वॉटर पंप, रेडिएटर चोक आहे का, सगळं बघा. आपल्याकडे बरेच जण बोअरचं पाणी टाकतात, त्याचा क्षार आत धरतो आणि रेडिएटर अर्धा बंद होतो. आता कूलंट डिस्टिल्ड पाण्यातच टाका. ऑइल आणि फिल्टरही बदला. शेवटी हीटर फुल ठेवून, फॅन लागेपर्यंत इंजिन चालवून हवा काढायला लावा, आणि दुसऱ्या दिवशी इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडून पातळी बघा, थोडी उतरलेली असते, ती भरून घ्या.